घर पसंत आहे, पण उताऱ्यावर आत्याचं नाव कंसात आहे. काय करावं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण गेले आठ दिवस डोक्यात दुसरं काही नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही घर बघितलंय. चार गुंठे जागा, त्यावर १९९४ साली बांधलेलं दोन मजली घर, मागे विहीर आणि रामफळाचं झाड. ७२ लाखांना ठरलं. विसार म्हणून दोन लाख दिले, विसारपावती झाली. कर्जासाठी बँकेच्या वकिलांनी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट दिला: टायटल क्लिअर.

माझ्या सासऱ्यांनी हट्ट धरला की जुन्या मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) नक्कल काढाच. ती काढली आणि कळलं ते असं. जागा विकणाऱ्यांच्या आजोबांनी १९५९ साली स्वतःच्या पगारातून घेतली. ते १९७१ मध्ये वारले. १९७२ च्या वारस नोंदीत चार नावं लागली: आजी, वडील, काका आणि आत्या. आजी १९७९ मध्ये गेल्या. मग १९८४ ची नोंद आहे: 'बहिणीने हक्क नसल्याबाबत जबाब दिला, सबब नाव कमी.' आत्याच्या नावाला निळ्या शाईने कंस केलेला आहे. काकांनी १९९१ मध्ये वडिलांच्या नावे हक्कसोडपत्र केलं, ते नोंदणीकृत आहे. वडील २०१४ मध्ये गेले.

विकणारे म्हणतात, आत्या २००९ मध्ये वारल्या, त्यांची मुलं कधी इकडे फिरकली नाहीत, कोणी काही विचारणार नाही. हवं तर ५०० च्या स्टॅम्पवर हमीपत्र लिहून देतो. माणूस वाईट वाटत नाही. पण तो कंस काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पुढे जावं की विसार परत मागावा?

सह्याद्रीवासी

बँकेने पास केलंय ना? मग बँकेलाच काळजी. बिनधास्त घ्या.

दिवाणी_बाजू

सह्याद्रीवासी, हा समज फार महागात पडतो. मी दिवाणी कोर्टात वकिली करते, म्हणून कळकळीने सांगते. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. उद्या घर हातचं गेलं तरी कर्जाचा हप्ता तुमच्या पगारातूनच जाणार आहे.

ताई, तीस वर्षांच्या सर्चमध्ये हे सापडणारच नव्हतं, त्याची दोन कारणं आहेत. एक तर तीस वर्षं मागे गेलं तरी आपण १९९० च्या दशकातच पोचतो. तुमची भानगड १९८४ ची. आणि वकील साठ वर्षं मागे गेला असता तरी सूची २ मध्ये (नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत) काही दिसलं नसतं, कारण दुय्यम निबंधकाकडे फक्त नोंदवलेले दस्त सापडतात. आत्याचं नाव दस्ताने गेलंच नाही, जबाबाने गेलं. म्हणजे जो कागद व्हायला हवा होता तो झालाच नाही, आणि न झालेला कागद सर्चमध्ये कसा येणार?

शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दस्त नोंदवावा लागतो. अधिकाऱ्यापुढच्या तोंडी जबाबाने मालकी जात नाही. मिळकत पत्रिकेतून नाव गेलं, हक्क जागच्या जागी आहे.

पाटलाचा_वाडा

पण २००५ च्या आधी मुलींना हिस्सा कुठे होता? आमच्याकडे तर सगळे असंच सांगतात.

दिवाणी_बाजू

चांगलं विचारलंत, इथेच बहुतेकांची गल्लत होते. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, करते. (महाराष्ट्राने तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, अविवाहित मुलींपुरती का होईना.) ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायची अट नाही.

पण इथे ते सगळं लावायची गरजच नाही. आजोबांनी स्वतः कमावून घेतलेली जागा. ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा. १९५६ पासून! आत्या १९७१ लाच मालक झाल्या, कोणाच्या मेहरबानीने नव्हे.

गणित_मास्तर

हिशोब मांडतो. १९७१ ला चौघांना प्रत्येकी चार आणे. १९७९ ला आजी गेल्या, त्यांचे चार आणे तीन मुलांत वाटले गेले. म्हणजे प्रत्येकाचा १/४ अधिक १/१२, बरोबर १/३. काकांचा तिसरा हिस्सा १९९१ ला वडिलांकडे आला. वडिलांच्या कुटुंबाकडे २/३, आत्याकडे १/३.

ताई, तुम्हाला अख्खं घर विकणाऱ्याकडे जागेचा तिसरा हिस्सा विकायला नाहीच आहे.

कृष्णाकाठची

बाई गं. मला वाटलं होतं एखादा किरकोळ हिस्सा असेल.

मिरजमळा

मी माझं सांगतो, म्हणजे हमीपत्राची किंमत कळेल.

२००६ मध्ये आम्ही सांगली भागात जुनं घर घेतलं. तिथेही बहिणीच होत्या, दोन. विकणारा म्हणाला बहिणींचं लग्नात सगळं देऊन झालंय. हमीपत्र घेतलं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, हरकत आली नाही, खरेदी केली. २०११ मध्ये बहिणींनी वाटपाचा दावा लावला आणि आम्ही प्रतिवादी क्रमांक चार झालो. तोवर विकणारा पैसे मुलाच्या धंद्यात घालून बसला होता. हमीपत्र दाखवून त्याच्यावर दावा करता येतो हे खरं, पण त्याच्याकडे वसूल करायला उरलंय काय?

पोरीचं दहावीचं वर्ष होतं. तारखेच्या आदल्या रात्री बायकोला झोप लागायची नाही. घराला रंग लावायचा तरी विचार करायचो की आपण कोणाच्या घराला लावतोय. शेवटी २०१८ मध्ये तडजोड झाली, बहिणींना पैसे आम्ही दिले. एकाच घराचा एक हिस्सा दोनदा घेतला आम्ही.

बहिणींबद्दल माझ्या मनात राग नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्यातल्या थोरलीने मला विचारलं होतं, 'दादा, घर घ्यायच्या आधी एकदा आम्हाला विचारलं असतंत तर?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोरेगाव नाही, कोल्हापूर नाही, चार गल्ल्या सोडून राहत होत्या त्या.

चाफेकळी

मिरजमळा, वाचून पोटात कालवलं.

सह्याद्रीवासी

ठीक आहे, बँकेचं मागे घेतो. पण १२ वर्षं ताबा असला की कब्जाने मालकी होते ना? इथे तर १९८४ पासून चाळीस वर्षं झाली.

दिवाणी_बाजू

परक्याच्या जागेवर उघडपणे, त्याच्या हक्काविरुद्ध १२ वर्षं ताबा, हा वेगळा विषय. भावंडं सहहिस्सेदार असतात आणि एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असतो असंच कायदा धरून चालतो. 'तुझा हक्क नाही' असं उघड सांगून तिला बाहेर काढलं होतं, हे सिद्ध करावं लागतं. माहेरी ये-जा असलेल्या बहिणीच्या बाबतीत ते कठीण असतं.

आणखी एक, ताई, हे नीट वाचा. नकळत घेणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४१ चं थोडं संरक्षण असतं, पण त्याने वाजवी चौकशी केलेली असली पाहिजे. तुम्ही चौकशी केलीत आणि कंस पाहिलात. आता 'आम्हाला ठाऊक नव्हतं' हे दार तुमच्यासाठी बंद झालं.

खाडीपलीकडचा

फ्लॅटवाल्यांनी निश्चिंत राहू नये. ठाण्यात मी रीसेल फ्लॅट घेत होतो. सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या नावावर, सेक्रेटरी म्हणाले सगळं व्यवस्थित. खोदून विचारलं तेव्हा कळलं की फ्लॅट वडिलांचा, हा नॉमिनी, आणि दोन भाऊ दुबईत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करते, तो मात्र वारसांसाठी विश्वस्त असतो. २०१९ मध्ये सहकारी संस्था कायद्यात जी कलमं आली त्यातही हेच आहे. भावांची हक्कसोडपत्रं वकिलातीतून सही-शिक्का होऊन आली, मगच मी चेक दिला. सहा महिने गेले. घरभाडं भरलं, पण शांत झोपलो.

डोंबिवली_फास्ट_नव्हे

फ्लॅटचा विषय निघालाच आहे तर: आमच्या इमारतीला ३१ वर्षं झाली, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. पुनर्विकासाला निघालो तेव्हा कळलं. आता मोफा (फ्लॅट खरेदीदारांसाठीच्या राज्याच्या) कायद्याच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवायही जमीन सोसायटीच्या नावे करून घ्यायचा (डीम्ड कन्व्हेयन्स), अर्ज केलाय. घर घेताना 'कन्व्हेयन्स झालंय का' हे कोणी विचारतच नाही, सगळे पार्किंग विचारतात.

जर्सीतला_मराठी

इकडे न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा टायटल कंपनीने सर्च केला आणि एकदाच प्रीमियम भरून टायटल इन्शुरन्स घेतला. पुढे जुना वारस उपटला तर कंपनी लढते आणि भरपाई देते. त्यातही दोन पॉलिसी असतात, कर्ज देणाऱ्याची वेगळी आणि मालकाची वेगळी. आपण मालकाची घेतली नाही तर फक्त बँक सुरक्षित. दिवाणी_बाजू म्हणतात तेच, बँक स्वतःपुरतं बघते, तिकडे काय नि इकडे काय. भारतात असं काही आहे का?

दिवाणी_बाजू

रेराच्या, म्हणजे बिल्डरच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, कलम १६ मध्ये प्रकल्पाच्या टायटल विम्याची तरतूद आहे, पण तुमच्याकडच्यासारखी ती घरोघरी रुळलेली नाही. रेरातलं कलम १८(२) मात्र लोकांना माहीत हवं: ज्या जमिनीवर प्रकल्प आहे तिचं टायटल सदोष निघाल्याने खरेदीदाराचं नुकसान झालं तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि त्या मागणीला मुदतीची मर्यादा आड येत नाही. हे बिल्डरच्या प्रकल्पांना. कृष्णाकाठच्या ताईंसारख्या जुन्या घराला याचा उपयोग नाही.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, लग्न झालं की वेगळा करार नसल्यास नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. त्यामुळे विकताना वारसाची सही पुरत नाही, त्याच्या बायकोची किंवा तिच्या नवऱ्याचीही लागते. आम्ही घेतलेल्या जुन्या घराच्या खरेदीखतावर २३ सह्या आहेत, त्यातल्या चार लिस्बनहून मुखत्यारपत्राने आलेल्या. तेव्हा वैताग आला होता. आता वाटतं, बरं झालं, कोणी सुटलं नाही. तिकडे सुना-जावईही बोलावतात आणि इकडे सख्खी बहीण कंसात.

पाटलाचा_वाडा

मांडवीतीर, शेवटचं वाक्य लागलं. मी आत्ताच उठून आमचा सातबारा बाहेर काढला. त्यावर आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.क.' लिहिलंय. लहानपणापासून मला वाटायचं ही पदवी आहे!

गणित_मास्तर

एकत्र कुटुंब कर्ता. म्हणजे नाव एकाचं, पण त्यामागे अख्खं कुटुंब उभं. जमीन घेणाऱ्याने ही अक्षरं दिसली की थांबावं. तसंच 'अ.पा.क.' (अज्ञान पालन कर्ता) दिसलं तर अज्ञान मुलाचा हिस्सा आहे असं समजावं. आणि इतर हक्काचा रकाना आधी वाचावा, मालकाचं नाव नंतर. भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारी बंधन असलेली जमीन) असेल, कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल, तर परवानगी लागते का हे तपासल्याशिवाय व्यवहार करूच नये.

माणदेशी

एक गुंठा, दोन गुंठे घेणाऱ्यांनी तुकडेबंदीही (ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा विकायची मनाई) बघा हो. माझ्या मेव्हण्याने नोटरीवर गुंठा घेतला, घर बांधलं, आणि उताऱ्यावर नाव लागेना. १०८९ चौरस फुटांसाठी माणूस वेडापिसा झालाय.

चाफेकळी

विषय ताईंच्या घराचा आहे, तिकडे परत येऊ या. ताई, एक विचारते: १९८४ च्या त्या जबाबाची नक्कल तुम्ही पाहिलीत का? नुसती नोंद नको, खुद्द जबाब. माझ्या आईच्या बाबतीत असंच झालं होतं. जबाबावर तारीख होती त्या दिवशी आई बाळंतपणाला दवाखान्यात होती. तो दिवस माझा वाढदिवस आहे.

आणि दुसरं, त्या आत्यांची मुलं कुठे आहेत? 'फिरकली नाहीत' हे विकणाऱ्याचं म्हणणं. त्यांना कोणी बोलावलं होतं का?

कृष्णाकाठची

जबाब पाहिला नाही. उद्या अर्ज करते. मुलांचं विचारलं तर दोन मुली आणि एक मुलगा आहे म्हणाले. थोरली कोरेगावला, बाकीचे पुण्याकडे.

दिवाणी_बाजू

आत्यांचे यजमान हयात आहेत का? असतील तर तेही वारस. नसतील तर तिघांना प्रत्येकी १/९. आणि विकणाऱ्यांना स्वतःला बहीण आहे का, हेही विचारा. आणि आजोबांचं मृत्युपत्र खरंच नव्हतं ना, तेही.

कृष्णाकाठची

यजमान नाहीत. मृत्युपत्र नव्हतं. विकणाऱ्यांना बहीण आहे, पण तिचं २०१५ चं हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे, ते मी पाहिलं.

सह्याद्रीवासी

मग ताईंनी सरळ विसार परत घ्यावा. दुसरं घर मिळेल.

मिरजमळा

मी म्हणेन, आधी कोरेगावला जा. परत फिरायचं तर नंतरही फिरता येईल. आम्ही जे केलं नाही ते तुम्ही करा.

कृष्णाकाठची

(तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.)

जबाबाची नक्कल मिळाली. अर्ध्या पानाचा मजकूर, 'मला माझ्या लग्नात योग्य तो मोबदला मिळाला असून सदर मिळकतीत माझा काही एक हक्क नाही', आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.

मग आम्ही दोघं विकणाऱ्यांना सांगूनच कोरेगावला गेलो. आत्यांची थोरली मुलगी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत. चहा झाला, मी विषय काढला आणि नक्कल पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन एक पोस्टाचं जुनं पासबुक घेऊन आल्या आणि नकलेच्या शेजारी ठेवलं. त्यावर १९७८ सालची आईची सही होती, वळणदार, पूर्ण नाव, आडनावासकट.

'आई सातवी पास होती,' एवढंच म्हणाल्या. 'दर भाऊबीजेला जायची त्या घरी. मरेपर्यंत.'

मला तिथून उठावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, घर कसं आहे आता, विहिरीला पाणी आहे का. मग म्हणाल्या, तुम्ही घ्या ते घर, माझी आडकाठी नाही, पण आईचं जे आहे ते भावाबहिणीला मिळालं पाहिजे.

हे मी विकणाऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते दोन दिवस फोनवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः कोरेगावला गेले. अंगठ्याचं त्यांना खरंच माहीत नव्हतं, असं मला वाटतं. १९८४ मध्ये ते नऊ वर्षांचे होते.

आता ठरलंय ते असं: घर त्यांच्या वडिलांनी बांधलं म्हणून बांधकामाची किंमत पूर्ण त्यांची, जमिनीच्या किमतीचा तिसरा हिस्सा आत्यांच्या तिघा मुलांना, आमच्याकडून थेट तिघांच्या नावांच्या डीडीने. खरेदीखतात त्या तिघांना 'मान्यता देणार' म्हणून घ्यायचं म्हणतात. बरोबर आहे का?

दिवाणी_बाजू

फार चांगलं केलंत, ताई. पण 'मान्यता देणार' नको. त्यांचा मालकी हिस्सा आहे, तेव्हा तिघंही 'लिहून देणार', म्हणजे विकणारे, म्हणूनच घ्या, आणि दस्तात प्रत्येकाचा हिस्सा, मिळालेली रक्कम आणि १९७२ व १९८४ च्या दोन्ही नोंदींचा उल्लेख स्पष्ट येऊ द्या. बँकेलाही आत्ताच कळवा, मसुदा बदलेल. आणि तिघांपैकी कोणी मुखत्यारपत्रावर सही करणार असेल तर ते नोंदणीकृत आहे ना आणि देणारा सहीच्या दिवशी हयात आहे ना, हे पाहा. मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबरच संपतं.

गणित_मास्तर

हिस्से लिहिताना अपूर्णांक अक्षरीही लिहा: विकणारे सहा नवमांश, बाकी तिघं एकेक नवमांश. बेरीज एक.

मिरजमळा

ताई, खरेदी झाली की कळवा. माझ्या बायकोलाही वाचून दाखवतोय हे सगळं.

कृष्णाकाठची

झाली! परवा चौघांनी दुय्यम निबंधकांपुढे सह्या केल्या, चौघंही स्वतः हजर होते. कोरेगावच्या ताईंनी सही करताना पेन माझ्याकडूनच घेतलं.

माणदेशी

अभिनंदन! ताई, एक व्यावहारिक शंका. जबाबाची नक्कल कशी मागितली? आमच्याकडे एक अशीच नोंद आहे, १९८८ ची.

कृष्णाकाठची

साधा अर्ज, त्यात सिटी सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि वर्ष. पण अर्जात 'नोंद व त्यासोबतचे सर्व जबाब, अर्ज व कागदपत्रे' असं स्पष्ट लिहा. मी पहिल्यांदा नुसतं 'नोंदीची नक्कल' लिहिलं होतं, तर दोन ओळींची नोंदच हातात आली. आणि तुमच्या नोंदीत जिचं नाव आहे ती बाई हयात असेल, तर अर्ज करायच्या आधी तिला फोन करा.